झुंबरबाईचं वारं

गुरुवार, ९ जानेवारी १९५८

आमच्या डॉक्टरांना नवं खूळ लागलंय. डॉ. भालचंद्र देऊळगावकर मुंबईहून शिकून आले तेव्हापासून या दवाखान्यात कुणाच्या जिवाला स्वस्थता नाही. आज राउंड झाल्यावर मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, सत्तरीच्या पुढचे आतड्याच्या गाठीचे जे पेशंट येतील त्यांचं ऑपरेशननंतरचं सगळं तुमच्याकडे. दुसऱ्या दिवशी उठवून बसवायचं, तिसऱ्या दिवशी चालवायचं. म्हणे म्हातारी माणसं ऑपरेशनने मरत नाहीत, नंतर निजून निजून मरतात. छातीत कफ साचतो, पायांतलं रक्त गोठतं. मी म्हटलं, टाके ओले असताना चालवायचं, मग टाके कशाला घालता, गाठ मारून मोकळे व्हा. हसले. या माणसाला राग येत नाही हा त्याचा मोठाच दोष आहे.

पुंजारामची आठवण त्यांनीच काढली. बदनापूरकडचा, एकोणऐंशी वर्षांचा. गेल्या महिन्यात ऑपरेशन छान झालं होतं. पण तीन मुलगे तीन बाजूंनी खाटेला चिकटून बसले, म्हाताऱ्याला कुशीवर वळू देईनात. हलवलं की ओरडायचे, बाप आहे का पोतं. नवव्या दिवशी पुंजाराम गेला आणि तिघांनी गळा काढला. तेव्हापासून दवाखान्याच्या कमिटीने डॉक्टरांना बजावून ठेवलंय: आणखी एक असं झालं की सत्तरीच्या पुढचं एकही पोट उघडायचं नाही, आल्या वाटेनेच घरी पाठवायचं.

आणि शनिवारी आष्टीची एक बाई येतेय. वय चौऱ्याऐंशी. कपाळ माझं.

शनिवार, ११ जानेवारी

आली. झुंबरबाई नाव. परतूरपर्यंत बैलगाडी आणि तिथून आगगाडी, एवढा हिसका खाऊनही पहिलं वाक्य काय, तर खाट खिडकीपाशी द्या. मूठभर हाडं, अंगात रक्त नाही, डोळे मात्र लखलखीत. पोटाच्या उजव्या बाजूला गाठ हाताला लागते. तिला ती 'गोळा' म्हणते. पोरगा काकासाहेब, हाच साठीचा, सारखी मान डोलावतो. मला बाजूला घेऊन म्हणाला, शिस्टरबाई, आईला गाठीचं खरं नाव सांगू नका. मी सांगितलं, मला वेळ नाही. पाच मिनिटांनी म्हातारी मला म्हणते, पोराला सांगू नको हां, पण हा गोळा साधा न्हाई. या घरात सगळे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलेत.

नवरा आलेला नाही. धर्मराज, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. कबुतरं पाळतो. झुंबरबाईच्या तोंडून कळलं ते असं, की एका छपराखाली राहून नवराबायको तीस वर्षं एकमेकांशी थेट बोललेले नाहीत. भाकरी झाली की ही सुनेला म्हणणार, सांग त्यांना. तो पोराला म्हणणार, सांग तिला. तीस वर्षं! मी आजवर वेडे पुष्कळ पाहिले, पण एवढ्या चिकाटीचे नाही पाहिले.

सोमवार, १३ जानेवारी

ऑपरेशन झालं. सव्वादोन तास. उजवीकडचं हातभर आतडं काढलं आणि टोकाला टोक शिवलं. गाठ बाकी कुठे पसरलेली दिसली नाही असं डॉक्टर म्हणाले आणि असे खुश झाले की जसं काही गाठ त्यांनीच पसरू दिली नाही. नाकात नळी, हाताला सलाईन, चार-चार तासांनी पेनिसिलीन. म्हातारीने शुद्धीवर येताच नळी ओढायचा प्रयत्न केला. हात धरून ठेवावा लागला. हाताला पकड आहे, हे खरं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आज तिला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवलं. मी आणि आया चतुराबाई अशा दोघी लागलो. उशी पोटाशी आवळून धरायची, मगच खोकायचं, हे तिला चार वेळा शिकवलं. पाचव्या वेळी तिने मला शिकवलं. बसली, दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तरी बसली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, शाबास. मला म्हणाले की तिला, ते कळलं नाही.

दुपारी माझा भाऊ केशव आला. आईने तिळगूळ पाठवलाय. आई त्याला म्हणाली म्हणे, तिला सांग, संक्रांतीला तरी घरी यावं. मी म्हटलं, आईला सांग, रजा नाही. केशव म्हणाला, ताई, जुना जालना काही काशीला नाही, नदी ओलांडली की घर. बारा वर्षं हाच निरोप्या झालाय, कंटाळलाय बिचारा. पण मी काय करू? नर्सिंगला गेले तेव्हा आईच म्हणाली होती, घरात यायचं तर आधी अंगणात अंघोळ करून यायचं, कुणाकुणाच्या घाणीत हात घालतेस ते मला माहीत आहे. ठीक आहे. न आले तर अंघोळीचा खर्च वाचला.

तिळगूळ टेबलावर वाटीत ठेवलाय. मुंग्या लागतील.

बुधवार, १५ जानेवारी

छाती मोकळी राहावी म्हणून डॉक्टरांनी मुंबईची तऱ्हा काढली. पाण्याच्या दोन बाटल्या, मध्ये रबरी नळी, फुंकून एकीतलं पाणी दुसरीत ढकलायचं. म्हातारी म्हणाली, मी काय हुक्का पिऊ? आणि तोंड मिटलं. डॉक्टर दहा मिनिटं समजावत बसले. आतडं शिवता येतं, पण म्हातारीचं तोंड कसं उघडायचं हे मुंबईत शिकवत नसावेत.

मी चतुराबाईला आमच्या भटारखान्यात पाठवलं आणि चुलीची फुंकणी आणवली. धुऊन हातात दिली, जेवणाच्या पाटावर कापसाचा बोळा ठेवला आणि म्हटलं, विस्तव गेलाय, पेटवा. बिलकुल विचारलं नाही कशाला. फुंकणी ओठाला लावली आणि अशी फुंकर मारली की बोळा खालच्या बादलीत जाऊन पडला. सत्तर वर्षं चूल फुंकलेली बाई आहे, तिला फुंकायला शिकवणारे आम्ही कोण. तासाला वीस फुंकरा ठरल्या. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. आता मुंबईच्या एखाद्या मासिकात फुंकणी छापून येईल आणि खाली नाव त्यांचं.

काकासाहेब गावी गेला. म्हणाला, ज्वारी हुरड्यात आहे, पाखरं खाऊन राह्यलेत, राखणीला माणूस न्हाई. काही झालं तर कार्ड टाका. पोटातलं हलायला लागलं, आतडी जागी झाली, की कळवीन असं मी म्हटलं. त्याने मान डोलावली. तो कशालाही मान डोलावतो.

दुपारी म्हातारी बोलत सुटली. त्या अबोल्याचं कारण कळलं. तीस वर्षांमागे हिच्या सासूच्या डाव्या अंगावरून वारं गेल्तं, ते अंग लुळं पडलं. गावात कुणीतरी सांगितलं, कबुतराचं ताजं रक्त त्या अंगाला चोळा. नवरा शेतात. हिने त्याच्या जोडीतलं एक पांढरं कबूतर धरलं, विळ्याने कापलं आणि सासूला चोळलं. सासू तिसऱ्या दिवशी गेलीच. धर्मराजने तेव्हापासून हिच्याशी अबोला धरलाय. आईसाठी नाही, कबुतरासाठी. "त्यांच्याच आईसाठी केल्तं ना मी," म्हणाली, आणि फुंकणी घेऊन वीसच्या जागी तीस वेळा फुंकली.

रक्त चोळून लुळं अंग बरं होतं म्हणे. अशा लोकांत मी नोकरी करते.

गुरुवार, १६ जानेवारी

आज चार वाजता झुंबरबाईचं वारं सरलं.

कालपासून मी दर तासाला विचारत होते आणि पोटाला कान लावत होते. आतडं जोडल्यावर ती एकच खूण असते. ते होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही. डॉक्टरांनी तीन वेळा खिडकीतून डोकावून पाहिलं, जसं काही स्टेशनवर गाडीची वाट पाहताहेत. चारला म्हातारी म्हणाली, "गेलं बाई एकदाचं तुझं वारं. आता तरी माझा पिच्छा सोड." चतुराबाई पदरात तोंड घालून हसली. मी हसले नाही. फक्त जरा बसले.

नळी काढली. चमचाभर पाणी दिलं. तिने ते असं तोंडात धरून ठेवलं की गिळायला सांगावं लागलं.

लगेच आष्टीला कार्ड लिहिलं. दवाखान्यात आम्ही 'वायू सरला' म्हणतो, पण आष्टीत वायू म्हटलं तर त्यांना वायव्य दिशा वाटेल. अशा लोकांना त्यांच्याच बोलीत लिहावं लागतं. ही समज डॉक्टरांना यायची नाही, मला आहे. लिहिलं: "झुंबरबाईंचं आज दुपारी चार वाजता वारं गेलं. आता पुढचं सोपं आहे. तुम्ही घाई करून येण्याचं कारण नाही." बराबर तीन ओळी. दवाखान्यातली पत्रं अशी असावीत, पाल्हाळ नको.

शनिवार, १८ जानेवारी

ताप. एकशे एक.

चालायला तयार नाही. पाय सोडून बसते, फुंकणी फुंकते, ताकाचं पाणी पिते, पण उभं राहा म्हटलं की दगड. डॉक्टरांनी छातीला डावीकडे खाली स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कफ साचायला लागलाय. मला म्हणाले, प्रेमलाबाई, आता इंजेक्शनं एकीकडे आणि पाय एकीकडे. उठली तर जगेल. मी म्हटलं, मग उचलून नेऊ का? म्हणाले, तिचे पाय जमिनीला लागले पाहिजेत, आपले नाही.

मी तिला चांगलं झापलं. म्हटलं, आजी, टाके उसवत नाहीत, मी खोटं सांगत नाही. ती म्हणाली, टाक्याचं भ्या न्हाई मला. मग काय? तर खिडकीकडे बघत म्हणाली, "कुणासाठी चालू, सांग की. घरी गेले तरी भिंतीशीच बोलायचं. त्यांना त्यांची कबुतरं हायेत."

मी म्हटलं, कमिटीसाठी चाला. तुम्ही मेलात तर इथे कुठल्याच म्हाताऱ्या माणसाला हात लावणार नाहीत, आला पेशंट की दारातून परत. तुमच्यामागे रांगेत किती म्हाताऱ्या उभ्या आहेत तुम्हाला ठाऊक आहे? तिने माझ्याकडे मान वळवली. म्हणाली, तुझी आई हाय का? मी म्हटलं, तो इथे प्रश्न नाही. म्हणाली, हाय म्हण की मंग. आणि कुशीवर वळली, तेही स्वतःच्या बळावर. वळता येतं, पण उभं राहता येत नाही. नाटकी आहे.

आज तिळगुळाला मुंग्या लागल्या. झटकून एक खडा खाल्ला. आई अजून वेलदोडा जास्तच घालते.

रविवार, १९ जानेवारी

ताप एकशे एक आणि वर दोन रेघा. फुंकरा पंधरावर आल्या. माझी आज सुट्टी होती. वॉर्डात काही काम नव्हतं, तरी गेले.

सोमवार, २० जानेवारी

आजचं नीट क्रमाने लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी साडेदहाला फाटकाशी रडारड ऐकू आली. बघते तर काकासाहेब, आष्टीची चार माणसं, आणि त्यांच्या मधोमध एक वाकलेला म्हातारा, डोक्याला तांबडा पटका, हातात झाकलेली टोपली. काकासाहेब माझ्या पायाशी वाकायला लागला. "आई बोलती का?" मी म्हटलं, बोलते की, ऐकून कान किटले. तो रडायचा थांबला. "तोंड वाकडं झालं न्हाई?" मी म्हटलं, माझं व्हायची वेळ आलीय. तो म्हणे, "मंग लुळं काय पडलंय, हात का पाय?"

मला वाटलं याच्या डोक्यात काही बिघाड झाला. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? त्याने खिशातून माझंच कार्ड काढलं. शनिवारी आलं, शाळेच्या मास्तरांनी चावडीपुढे मोठ्यानं वाचलं. वारं गेलं. पुढचं सोपं आहे. घाई करण्याचं कारण नाही. मास्तरांनी म्हणे डोक्यावरची टोपी काढली. सुनेने घरात रडायला सुरुवात केली. दोन घरांनी चूल पेटवली नाही.

मी त्याला फाटकाशीच सांगायला लागले की अहो, ते वारं म्हणजे हे वारं नव्हे, की तेवढ्यात बघते तो म्हातारा शेजारी नाही. सगळी गडबड चालली असताना तो सरळ आत गेला होता. मी धावले.

बायकांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात तो उकिडवा बसला होता. टोपली उघडी. आत दोन कबुतरं, पांढरी, मानेवर राखी छटा. एक त्याच्या डाव्या हातात, मान दोन बोटांत धरलेली. उजव्या हातात विळा. ओठ असे घट्ट मिटलेले की जसं काही त्याच्या स्वतःच्या अंगावर विळा चालायचाय. तो दारातून आत बघत होता. आत, खिडकीच्या खाटेवर झुंबरबाई पाय सोडून बसली होती. चतुराबाई सांगते, तो आधी इकडेतिकडे बघत होता, कुणाला सांगावं म्हणून. सांग तिला, असं म्हणायला जवळ कुणी नव्हतं.

मग तो थेट तिलाच म्हणाला, "कोणत्या अंगावरून गेलं गं? डावं का उजवं?"

म्हातारीला आधी कळलंच नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, विळ्याकडे बघितलं. मी फाटकापासून धावत येऊन जे सांगणार होते ते तिला न सांगता कळलं. तिने उशी पोटाशी आवळली आणि उठली.

मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं, नियम तसा आहे. पण मी पावलं मोजत राहिले. मोजलं तेवढं बरोबर आहे: चौदा पावलं. खाटेपासून दारापर्यंत, कुणाचा हात नाही. उंबऱ्यापाशी तिने चौकट धरली, वाकली आणि दुसऱ्या हाताने त्याचं विळा धरलेलं मनगट धरलं.

"तुमच्या आईच्या वक्ताला मी चुकले," ती म्हणाली. "आता तुम्ही चुकू नका. ठेवा ते खाली."

तो म्हणाला, "मंग वारं?"

"पोटातलं व्हतं. खालून गेलं."

सगळा वॉर्ड हसला. परवा ऑपरेशन झालेली टेंभुर्णीची बाईसुद्धा पोट धरून हसली, तिला मी नंतर ओरडले. म्हातारा हसला नाही. त्याने विळा बाजूला ठेवला आणि कबुतराच्या मानेवरून अंगठा फिरवत बसला. म्हणाला, हीच जोडी राह्यली होती.

मी म्हटलं, आजी, आता खाटेवर चला. ती म्हणाली, थांब, आधी हे सोडू दे, टोपलीत जीव घुसमटून राह्यलाय त्यांचा. मी म्हटलं, इथे सोडली तर स्टेशनवरची मांजरं खातील, आष्टी कुठे आणि जालना कुठे. माझ्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. त्याने दोन्ही उडवली. ती पाण्याच्या टाकीभोवती दोनदा फिरली आणि परतूरच्या बाजूला गेली. म्हातारी चौकट धरून ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. बराबर सहा मिनिटं. आठवडाभर मी आणि डॉक्टर जे करू शकलो नाही ते दोन पाखरांनी करून दाखवलं, असं म्हणायला मी तयार नाही. तिच्या पायांत बळ होतंच, फुंकणीने छाती थोडी मोकळी होतीच. त्याचं श्रेय कुणाचं ते सांगायला नको.

मंगळवार, २१ जानेवारी

ताप नव्व्याण्णव. डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, कार्डात नक्की काय लिहिलं होतं? मी सांगितलं. ते स्टुलावर बसले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय, मी बराबरच लिहिलं होतं, त्यांना वाचता येत नसेल तर माझा काय दोष. डॉक्टर म्हणाले, प्रेमलाबाई, शिकून घ्यायला पाहिजे मला तुमच्याकडून. हे टोमणा मारून म्हणाले की खरंच, ते अजून कळलेलं नाही.

मास्तरांनी टोपी काढायला नको होती. पण 'घाई करण्याचं कारण नाही' हे मी लिहायला नको होतं. एवढं कबूल.

म्हातारा स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलाय. सकाळी येतो, व्हरांड्यात बसतो. म्हातारी त्याच्यापर्यंत चालत जाते, दोन शिव्या देते, चालत परत येते. दिवसातून पाच वेळा. मी तक्त्यावर नोंदवते: चालणे, पाच वेळा. शिव्यांसाठी तक्त्यात रकाना नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

टाके काढले. जखम कोरडी. तांदळाची पेज सोडून आता तिला भाकरी हवी आहे, तीही ज्वारीची, तीही आष्टीच्या ज्वारीची. मी म्हटलं, आष्टीची ज्वारी आष्टीत जाऊन खा.

छाती साफ. कमिटीचे एक सभासद आज वॉर्ड बघायला आले होते. झुंबरबाईला विचारलं, आजी, कसं वाटतं? ती म्हणाली, या बाईला पगार वाढवा, लई बोलती. मी कुठे तोंड लपवू असं झालं. सभासद गेल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, पुढच्या आठवड्यात एक सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ येताहेत. मी म्हटलं, त्यांची कबुतरं आहेत का आधी विचारून घ्या.

सोमवार, २७ जानेवारी

गेली. काकासाहेब स्टेशनपर्यंत न्यायला गाडी घेऊन आला होता. व्हरांड्याच्या पायऱ्या स्वतः उतरली. म्हातारा मागून म्हणाला, सावकाश. ती म्हणाली, मला कळतंय. तो म्हणाला, कळत असतं तर बोललो नसतो. काकासाहेब माझ्याकडे बघून म्हणाला, शिस्टरबाई, तीस वर्षं घर शांत व्हतं.

जाताना म्हातारीने मला जवळ बोलावलं आणि माझा गाल कुरवाळला. एवढी मोठी नर्स मी, वॉर्डात सगळ्यांदेखत. म्हणाली, आईला भेटून ये. मी म्हटलं, वेळ मिळाला की जाईन. ती म्हणाली, "वेळ मीबी म्हणत व्हते. तीस वर्षं."

खिडकीची खाट रिकामी आहे. दुपारी तिथे बसून औषधांची यादी केली. उजेड चांगला येतो, एवढंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आष्टीहून कार्ड आलं. अक्षर मास्तरांचं, मजकूर काकासाहेबाचा. लिहिलंय: आईची तब्येत बिलकुल ठीक. भाकरी खाती. रोज सकाळी गोठ्याच्या छपरापर्यंत चालत जाती आणि कबुतरांना दाणे टाकती, शिव्या देत देत. दोन्ही कबुतरं त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत घरी पोचली होती, आमच्या आधी. दोघं म्हातारे दिवसभर भांडून राह्यलेत, घरात बसवत न्हाई. आणि शेवटी: बाईंनी कार्ड टाकल्यास कृपया वारं कुठलं ते स्पष्ट लिहावं.

मास्तरांनी ही ओळ स्वतःच घातली असणार. स्वतःला शहाणा समजतो. डॉक्टरांना कार्ड वाचून दाखवलं, ती ओळ सोडून.

संध्याकाळी केशव आला. आईचं खोकणं वाढलंय म्हणे, छातीत कफ. पण डॉक्टरकडे यायचं नाही, आणि ताईला तर मुळीच सांगायचं नाही असं बजावलंय. आणि लगेच ताईकडे आला सांगायला. मी म्हटलं, आईला सांग, दिवसातून पाच वेळा बसून वीस वीस फुंकरा—आणि थांबले. केशव वाट बघत उभा. बारा वर्षं असाच दारात उभा आहे तो, अर्धं वाक्य ऐकून घ्यायला आणि अर्धं पोचवायला.

म्हटलं, काही सांगू नकोस. रविवारी मी येते. फुंकणी घरात असेलच.

अंगणात अंघोळ करायला लावलीच तर करीन. थंडी सरत आलीय, पाणी आता एवढं गार लागत नाही.